ताई, तुम्ही आईशी बोललात म्हणून

ताई, नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंय, त्यामुळे नुसतं ताई. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, दान करायला तयार असलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीतून फोन आला की माझं एका पेशंटशी मॅच झालंय, तेव्हा मी लगेच हो म्हटलं होतं. कॉलेजच्या कॅम्पमध्ये गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून सॅम्पल दिलेलं, नंतर नोकरी, पुणे, सगळ्या धावपळीत ते डोक्यातून गेलेलं, आणि अचानक कळतं की कुठेतरी एक माणूस आहे ज्याचं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखीची खूण, आपल्याशी जुळतंय. नाव, गाव काही सांगत नाहीत, तसा नियमच आहे. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदाने.

अडलं ते कराडला, घरी. आत्या म्हणाली लग्न ठरायचंय पोरीचं, आत्ता मणक्यात सुया कशाला टोचून घ्यायच्या. बाबा गप्प. आणि आईचा एकच धोशा, त्यांच्या घरचं कुणी का देत नाही? मी मोबाईलवरून वाचून दाखवलं पण आईला वाचून दाखवलेलं पटत नाही, तिला स्वतः केलेलं माणूस समोर लागतं. मग रजिस्ट्रीच्या मॅडमनी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही नागपूरहून, ड्युटी करून आल्यावर, स्वयंपाक तसाच ठेवून आईला व्हिडिओ कॉल लावलात.

तुम्ही काहीच समजावायला सुरुवात केली नाहीत ताई, हे मला फार आवडलं. आधी म्हणालात, मावशी, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय ते सांगा. आणि मग ऐकत बसलात.

आईच्या त्या प्रश्नाला तुम्ही किती सरळ उत्तर दिलंत. सख्खं भावंड असलं तरी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, आणि आईवडिलांचं अर्धंच जुळतं कारण मुलाला अर्धं आईकडून येतं अर्धं वडिलांकडून. हल्ली अर्ध्या मॅचवरपण ट्रान्सप्लांट करतात, पण त्यांच्या डॉक्टरांनी बाहेरचा पूर्ण मॅच शोधलाय म्हणजे विचार करूनच शोधला असणार. आई जरा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, म्हणजे त्या पेशंटच्या आईला द्यायचं असून देता येत नसेल. तिथून पुढे तिचा आवाजच बदलला.

मणक्याचं तर तुम्ही उभं राहून, कमरेवर हात ठेवून दाखवलंत. हाडातली मज्जा, जिथे या पेशी असतात, ती काढायची झाली तर भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, मणक्याला हात लावत नाहीत. आणि आता बहुतेक डोनरकडून तेही घेत नाहीत, चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्याने स्टेम सेल वाढून रक्तात उतरतात आणि मशीनने तिथून घेतात. बाबांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं, हे नवीन काही आहे का? तुम्ही म्हणालात काका, मुंबईत टाटा हॉस्पिटलला १९८३ साली पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय. आणि दिलेल्या पेशी काही आठवड्यांत परत भरून येतात हे ऐकल्यावर बाबाच म्हणाले, म्हणजे झरे जिवंत आहेत तोवर उपसलेली विहीर भरते. शेतकरी माणूस, त्यांना तेवढं पुरलं.

लग्नाबद्दल तर तुम्ही काही बोललाच नाहीत, फक्त आतून मुलीला हाक मारलीत आणि स्क्रीनसमोर आणलंत. मावशी, ही मी डोनेट केल्यानंतर झालेली. आत्या मागे उभी होती, तिने पण पाहिलं.

पण ज्यासाठी मी हे पत्र लिहितेय ते त्यानंतरचं आहे. आई तयार झाल्यावर तुम्ही मला एकटीला फोन घ्यायला सांगितलात. म्हणालात, ट्रान्सप्लांटच्या आधी पेशंटला जबरदस्त केमो देतात, त्याची स्वतःची मज्जा पार संपवतात, एकदा ते सुरू झालं आणि डोनर मागे फिरला तर पेशंटकडे काहीच उरत नाही, जीवावर बेततं. "तुला नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण, मी स्वतः मॅडमना कळवते, तुला कुणी एक शब्द बोलणार नाही. पण त्या तारखेनंतर नाही." बाकी सगळे एकतर पुण्यकर्म म्हणत होते नाहीतर वेडेपणा म्हणत होते, नाही म्हणायची मोकळीक फक्त तुम्ही दिलीत, आणि म्हणूनच माझं हो पक्कं झालं. त्या आधीचं हो उत्साहाचं होतं. आपल्याकडे मॅच लागूनही ऐनवेळी डोनर मागे सरतात, बरेचदा घरच्यांच्या भीतीने, आणि मला खरंच वाटतं की प्रत्येकाला तुमच्यासारखं एक माणूस आधी भेटलं तर ते इतकं होणार नाही.

पुढचं सगळं तुम्ही सांगितलेलं तस्संच झालं. इंजेक्शनांनी कंबर आणि छातीचं हाड ठणकलं, अंगात कणकण, डोकं जड, पॅरासिटामॉलने सुसह्य झालं. मशीनवर एका हातातून रक्त जातं, पेशी वेगळ्या काढतात, बाकीचं दुसऱ्या हातातून परत येतं, मधेच ओठांना मुंग्या आल्या तर घाबरले नाही कारण तुम्ही आधीच सांगितलेलं की रक्त गोठू नये म्हणून जे घालतात त्याने कॅल्शियम खाली जातं, लगेच सिस्टरला सांग. सांगितलं, कॅल्शियम दिलं, थांबल्या मुंग्या. आई शेजारीच होती. पिशवी बघून म्हणाली, एवढंच? पेशी घेऊन जाणारा माणूस पेटी घेऊन निघाला तेव्हा तिने त्याला हात जोडले.

गावात अजून विचारतात किती पैसे मिळाले. काही मिळत नाही आणि मिळू नयेतच, तपासण्या आणि प्रवासाचा खर्च तेवढा रजिस्ट्रीने केला. आता आईच सगळ्यांना सांगते की जगात चार कोटींच्या वर डोनर नोंदलेत आणि आपल्या एवढ्या मोठ्या देशातले त्यात फारच थोडे, आणि आपल्या माणसाचं आपल्याच माणसाशी जुळायची शक्यता जास्त, अगदी अमेरिकेतल्या मराठी घरातला पेशंट असला तरी. माझ्या चुलत भावाने पण स्वॅब दिलाय, दात्री, डीकेएमएस अशा रजिस्ट्री आहेत, कुठेही एकदा नोंदवलं की झालं.

रजिस्ट्रीकडून कळलंय की पेशी रुजल्या, रक्तपेशींचे काउंट वर येतायत. पहिलं वर्ष जपायचं असतं हे तुम्हीच सांगितलंय, त्यामुळे आम्ही सगळे त्या न बघितलेल्या माणसासाठी रोज मनात म्हणतोच.

आणि ताई, काल मॅडमचा परत फोन आला होता. इचलकरंजीच्या एका मुलाचं मॅच लागलंय आणि त्याची आई नको म्हणतेय, बोलाल का म्हणून. मी हो म्हटलंय, रविवारी बोलायचंय, माझी आई पण शेजारी बसणार आहे. त्याआधी तुम्हाला फोन करते, ती केमोच्या तारखेची गोष्ट त्या मुलाला न घाबरवता कशी सांगायची ते मला एकदा नीट सांगा.

तुमची,
कराडची धाकटी बहीण