चावीचा प्रसंग

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी रात्री ‘हाऊ टू स्टील अ मिलियन’ पाहिला आणि तुम्हा दोघांची इतकी आठवण आली की फोन न करता लिहायलाच बसले. सिनेमा १९६६ चा. आई, तुझ्या लाडक्या ‘रोमन हॉलिडे’चाच दिग्दर्शक विल्यम वायलर आणि तीच ऑड्री हेपबर्न, फक्त गाव पॅरिस. सोबत पीटर ओटूल. ऑड्रीचे कपडे फ्रेंच फॅशन डिझायनर जिवाँशीचे आहेत, तुझी नजर हटणार नाही.

गोष्ट बापलेकीची. बाप थोर चित्रकारांच्या शैलीत चित्रं काढतो आणि खरी म्हणून विकतो. घरात व्हीनसची एक छोटी मूर्ती आहे. इटलीतला जुना शिल्पकार चेलिनी याची म्हणून मिरवलेली, पण घडवली आजोबांनी, आजीला समोर उभं करून. ती तो संग्रहालयाला प्रदर्शनासाठी देतो आणि विम्याच्या कागदावर सही करून मोकळा होतो. विमा दहा लाख डॉलरचा, त्यामुळे मूर्तीची तपासणी होणारच. मग लेकीला आपल्याच घरची मूर्ती चोरायला निघावं लागतं.

बाबा, त्या सहीपाशी मला तुम्ही दिसलात. माझ्या शैक्षणिक कर्जाच्या अर्जाची पानं तुम्ही ओळीवर बोट ठेवून वाचत होतात. मागे रांग खोळंबली होती आणि मी तुमच्यावर चिडले होते. चिडायला नको होतं.

चोरी तर काय सांगू! लेक आणि तिला मदत करणारा पीटर ओटूल झाडू-बादल्यांच्या एवढ्याशा खोलीत लपतात आणि पहारेकरी बाहेरून कुलूप लावून चावी भिंतीवर अडकवून जातो. हा आतून लोहचुंबक फिरवतो, तशी ती चावी बाहेरच्या बाजूला भिंतीवरून हळूहळू सरकत दाराकडे येते. मी श्वास रोखून बसले होते. पुढे हा बूमरँग फेकून मूर्तीजवळचा धोक्याचा भोंगा वाजवतो, एकदा, मग पुन्हा. काहीच सापडत नाही म्हणून पहारेकरी वैतागून भोंगाच बंद करतात. ना रक्त, ना आरडाओरडा. आणि त्या अडगळीत खांद्याला खांदा लावून बसलेल्या दोघांचं प्रेम जमत जातं, ते फार गोड आहे.

ती लेक बापाला सारखी रागावते, पण त्याची अब्रू जाऊ देत नाही. मीही हल्ली फोन केला की आधी गोळ्यांवरूनच बोलते. आई, तू गप्प होतेस ते मला कळतं. काळजीपोटी आवाज चढतो गं.

पुढच्या महिन्यात येतेय. सिनेमा पेनड्राइव्हवर घेऊन येईन. दोन तासांचा आहे, मध्ये चहा करू. आई, खालची अक्षरं भराभर जातात, तेव्हा मी शेजारी बसून सांगत जाईन. तोवर कुणाकडून मागवून बघू नका हं. चावी सरकते तेव्हा मला तुम्हा दोघांचे चेहरे बघायचेत.

तुमची,
ताई