लॅमिंग्टन रोडच्या हत्यारवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

ग्रँट रोड स्टेशनकडून येताना लागणाऱ्या तुमच्या चिंचोळ्या दुकानात मी जुनं मॅकबुक एअर घेऊन आले होते. पंखा घरघरत होता आणि मला ‘लॅपटॉप उघडायचा सेट’ हवा होता. मोठा डबा विकून तुम्ही मोकळे होऊ शकला असतात. त्याऐवजी म्हणालात, “ताई, सेट राहू द्या. स्क्रूचं डोकं बघू आधी.”

लॅपटॉप उपडा करून तुम्ही माझ्या हातात भिंग दिलंत आणि टोकं मोजायला लावलीत. पाच भरली. टोकदार नाहीत, पाकळ्यांसारखी गोलसर. तो पेंटालोब. टॉर्क्सला सहा टोकं असतात, आणि सहाच्या मधोमध बारीक खुंटी दिसली तर ड्रायव्हरच्या टोकाला भोक लागतं, हे तुम्ही दोन्ही स्क्रू शेजारी ठेवून दाखवलंत. म्हणून ते डोक्यात बसलं. पाच टोकांच्या खाचेत लहान टॉर्क्स किंवा मायनस कसाबसा घुसतो, पण एकदोन बाजूंनाच टेकतो. जोर लावला की खाच मारली जाते, आणि मग योग्य ड्रायव्हरही फिरत राहतो.

पेंटालोबची मापं ‘पी’ने सांगतात: आयफोनला पी२, माझ्या एअरला पी५, म्हणजे १.२ मिलिमीटरचा. आतल्या स्क्रूंना मात्र टी५. आकडा पाचच, पण डोकं टॉर्क्सचं, हे तुम्ही दोनदा बजावलंत. आयफोन ४ सुरुवातीला साध्या प्लसच्या स्क्रूंनी यायचा, पुढे त्याच मॉडेलला पेंटालोब आले, हेही तुमच्याकडूनच कळलं. आपल्याच पैशाची वस्तू आपल्याला उघडता येऊ नये याची चीड तुमच्या आवाजात होती. ती मला फार आवडली, आणि पटलीसुद्धा.

दोनच ड्रायव्हर दिलेत. वर थर्माकोलचा तुकडा: “लॅपटॉपचा आकार काढा, जो स्क्रू जिथला तिथेच टोचा.” या तुकड्याचे आभार वेगळे मानायला हवेत. तळाच्या दहा स्क्रूंपैकी बिजागरीजवळचे मधले दोन बाकीच्यांपेक्षा बरेच लांब निघाले. ते वेगळे टोचलेले होते म्हणून अदलाबदल झाली नाही. बॅटरीचा कनेक्टर आधी काढा म्हणालात, तो काढला. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा राखाडी थर होता. ब्रशने साफ केला, आता लॅपटॉप गुमान चालतो.

काका, तुमच्या गल्ल्यात त्या दिवशी थोडेच पैसे पडले. पण गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना तुम्ही मला जो वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार.

शेजारच्या मुलाच्या निन्टेंडो स्विचचं मागचं झाकण काढायचं आहे. चारही स्क्रू भिंगातून पाहिले, तीन पात्यांचे आहेत, इंग्रजी वाय अक्षरासारखे. शनिवारी त्याला तुमच्याकडे पाठवते. भिंग त्याच्याही हातात द्या.

तुमची,
मॅकबुकवाली ताई