बीपीची गोळी आणि इथला काढा

सोल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, इथल्या औषधांनी बीपीची गोळी सुटेल का, असं तुम्ही विचारलंत. गोळी बंद करू नका, हे आधी सांगते.

कोरियाच्या पारंपरिक वैद्यकाबद्दल मला मनापासून आदर आहे. राजवैद्य हो जुन यांचा ‘दोंगउइबोगाम’ हा ग्रंथ १६१३ साली छापला गेला. त्यात रक्तदाब नावाचा आजार नाही, कारण दाब मोजायचं साधनच तेव्हा नव्हतं. वैद्य बघायचे ते डोकं जड होणं, गरगरणं, तोंड लाल होणं. आणि भीती असायची ती पक्षाघाताच्या झटक्याची. आजही ते मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघतात, आपल्या वैद्यांसारखीच. राग साचला, झोप उडाली की यकृतातली उष्णता डोक्याकडे चढते, असं त्यांचं म्हणणं. हिशोब जुळेनासा झाला की बाबा, तुमचे कान कसे तापतात, ते मला आठवलं. पुढे ली जे-मा यांनी १८९४ साली माणसांच्या चार प्रकृती मांडल्या. त्यातल्या आडव्या बांध्याच्या, भरपूर जेवणाऱ्या प्रकृतीला इथले वैद्य दाबाबाबत जास्त जपायला सांगतात. वर्णन थेट तुमचंच आहे!

म्हणून त्यांचं ऐकावं ते झोपेबद्दल, रागाबद्दल, जेवणाबद्दल. काढ्याचं मात्र जपून. इथल्या कितीतरी काढ्यांत ज्येष्ठमध असतं. ते जास्त दिवस पोटात गेलं तर अंगात मीठ आणि पाणी अडून राहतं, पोटॅशियम घटतं आणि दाब वाढतो. आई, तुझ्या खोकल्याच्या काढ्यातही ते असतं ना? बाबांना रोज देऊ नकोस. माहुआंग नावाची वनस्पती तर दाब सरळ चढवते. त्यामुळे कुणी कोरियाहून आणलेल्या पुड्या दिल्या, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडूसुद्धा नका.

इथे वैद्य आणि डॉक्टर यांचे परवाने वेगवेगळे असतात. गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनीच.

बाबा, सकाळी गोळी घेण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा. पाय जमिनीवर, हात टेबलावर, बीपीच्या यंत्राचा पट्टा छातीच्या पातळीला, आणि मोजताना बोलायचं नाही. आई, आकडे तू वहीत लिही, त्यांच्यावर सोडू नकोस. रविवारच्या फोनवर मला वाचून दाखव.

तुमची,
मनू