आज जेवला का?

सातारा,
५ डिसेंबर

चि. सौ. मुग्धास अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी सुखरूप पोहोचलो. तुझ्या आईचा गुडघा आता बराच मोकळा झाला आहे आणि ती काठीवाचून अंगणापर्यंत जाते, तेव्हा तिची काळजी करू नकोस. पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. पाळणाघर बंद होते म्हणून तीन आठवडे मी ईशानला सांभाळले. त्या दिवसांत तू ऑफिसातून आलीस की चपला काढता काढता एकच विचारायचीस, "आज जेवला का?" मी "थोडेसे" म्हणायचो आणि तुझा चेहरा उतरायचा. माझे ते उत्तर चुकीचे होते, हे मला निघण्याच्या दोन दिवस आधी समजले. पण खाली रिक्षा उभी असताना असल्या गोष्टी सांगता येत नाहीत.

पाटबंधारे खात्यात आयुष्यभर मोजमाप पुस्तके लिहिली, त्यामुळे हातात काम आले की आधी वही उघडायची ही माझी खोड तुला ठाऊकच आहे. ईशानने काय खाल्ले ते मी रोज टिपून ठेवत होतो. एका मंगळवारी त्याने सकाळी तूप लावलेली अर्धी पोळी खाल्ली, दुपारी वरणभाताचे चार घास घेतले आणि रात्री तोंड घट्ट मिटून घेतले. बुधवारी सकाळी त्याने काहीच घेतले नाही, पण दुपारी दीड वाटी खिचडी संपवून वर दही मागितले. गुरुवारी दिवसभरात दोन केळी आणि मेतकूट कालवलेला भात एवढ्यावरच भागले. एकेक दिवस पाहिला तर प्रत्येक पानावर हिशेब बिघडलेला दिसतो. पण शेवटच्या रविवारी तिन्ही आठवड्यांच्या बेरजा करून पाहिल्या, तेव्हा त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की मला माझ्याच वहीची शंका आली आणि मी पुन्हा बेरीज केली. पोर जेवत होते. फक्त आपण मांडलेल्या वेळी आणि आपण वाढलेल्या मापाने जेवत नव्हते.

मग मी त्याचे लसीकरणाचे कार्ड काढून बसलो. जन्माचे वजन २.९ किलो, पहिल्या वाढदिवसाचे ९ किलो, आणि आता बाविसाव्या महिन्यात ११.१ किलो. म्हणजे पहिल्या वर्षी दर महिन्याला सरासरी अर्धा किलो भर पडत होती आणि आता ती जेमतेम २०० ग्रॅमवर आली आहे. हे आजाराचे लक्षण नाही, सगळ्याच मुलांचे असे होते: पहिल्या वर्षात वजन साधारण तिप्पट होते आणि नंतर वाढीचा वेग उतरतो, त्यामुळे भूकही त्या मानाने कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेले वाढीचे आलेख सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवरून केलेले आहेत आणि त्या सहांत भारतही आहे, तेव्हा ते परदेशी मुलांचे माप आहे असेही म्हणता येत नाही. त्या आलेखावर ईशान मधल्या रेषेच्या थोडा खाली, पण तिच्याशी समांतर चालला आहे. समोरच्या ब्लॉकमधल्या बाई जिन्यात भेटल्या की "बारीक झालाय हो" म्हणतात आणि त्या रात्री तू त्याच्या मागे वाटी घेऊन घरभर फिरतेस, हे मी पाहिले आहे. त्यांच्याकडे आलेख नाही, तुझ्याकडे आहे.

वहीत एक खरी चूक मात्र सापडली आणि ती आपल्या सगळ्यांची आहे. तो सकाळी २५० मिलि, अकरा वाजता २०० आणि रात्री २५० मिलि दूध पितो, म्हणजे दिवसाला ७००. या वयात साधारण अर्ध्या लिटरच्या आत राहावे, असे डॉक्टर सांगतात. दुधाने पोट भरते, पण त्यात लोह फार थोडे असते, आणि जेवणाची जागा दुधाने घेतली की अंगातले रक्त कमी होण्याचा धोका असतो. अकराची बाटली घेऊन साडेबाराला ताटावर बसवले तर तो जेवणार कसा? शेवटच्या आठवड्यात मी ती बाटली बंद केली. दोन दिवस त्याने आकांत केला, तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास तो स्वतःच स्वयंपाकघरात येऊन कुकरकडे बोट दाखवू लागला. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा हिमोग्लोबिनबद्दल विचारून घे.

आता कबुली. पहिल्या आठवड्यात दोन दुपारी मी त्याच्यापुढे मोबाईल धरला होता. वाटीभर वरणभात पाच मिनिटांत संपला. माझ्या हातात चमचा आहे की फुंकणी, याचाही त्याला पत्ता नव्हता. त्याला मी जेवू घातले नाही, नुसते भरले. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असे तूच मला बजावले होतेस, आणि तुला सांगितले असते तर तू रागावली असतीस म्हणून मी त्या दोन्ही दिवशी वहीत फक्त "१ वाटी" लिहिले. तिसऱ्या दुपारी त्याने ताटाकडे न पाहता थेट माझ्या खिशाकडे हात नेला, तेव्हा मला लाज वाटली. तू लहान असताना मी गडहिंग्लजला होतो आणि शनिवारी रात्री घरी यायचो. चिऊचा घास, काऊचा घास हे सगळे तुझ्या आईने आणि आजीने केले. तुझ्या आईला हे सांगितले तर ती नुसती हसली.

लिफ्टची गोष्ट तुझ्या कानावर आली असेलच. वर येताना सहाव्या मजल्याचे बटण मी दाबले आणि ईशान लिफ्टमध्येच आडवा पडून किंचाळू लागला. वर पोहोचल्यावर त्याला उचलायला गेलो तर अंग ताठ. शेवटी पुन्हा तळमजल्यावर गेलो, त्याला बटण दाबू दिले, आणि क्षणात डोळ्यांतले पाणी तसेच ठेवून तो "आजोबा, लिप" म्हणत हसू लागला. त्याला समजते खूप आणि बोलता येते थोडे. "मला दाबायचे होते" एवढे वाक्य त्याच्याजवळ असते तर तो आडवा पडला नसता. त्या दिवशी तो दुपारी झोपलाही नव्हता. या वयाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते, आणि ती चुकली की संध्याकाळी पाचनंतर त्याच्याशी कोणताही व्यवहार करू नये, असे माझे मत झाले आहे. "निळी चड्डी की पिवळी?" असे विचारावे म्हणजे मूल ऐकते, असे तू सांगितले होतेस, आमच्याकडे दोन्हींना "नको" हेच उत्तर मिळाले, पण तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने पिवळी स्वतः डोक्यात घातली.

वही ओट्याखालच्या दुसऱ्या खणात ठेवली आहे. अनिकेतरावांनाही दाखव, कारण रात्री जेवण उरले की तेही तुझ्याइतकेच अस्वस्थ होतात, फक्त बोलत नाहीत.

संक्रांतीनंतर बोरन्हाणाला आम्ही दोघे येऊ. चुरमुरे, हलवा, उसाचे करवे सगळे डोक्यावरून ओतू, पण या वेळी शेंगदाणे घालायचे नाहीत आणि बोरे नंतर लगेच वेचून घ्यायची. समोरच्या दातांनी तो तोडतो, पण शेवटच्या दाढा अजून आलेल्या नाहीत, आणि अख्खा दाणा किंवा बोराची बी श्वासनलिकेत अडकायला एवढे पुरते. समोरच्या बाईंनाही बोलाव. त्या येतील तेव्हा मी घरात असेन.

तुझे,
बाबा