ॲबरलेम्नोचे दगड

डंडी, स्कॉटलंड

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

जानेवारीत मी ॲबरलेम्नोला गेलो तेव्हा कोरीव दगडांऐवजी नुसत्या लाकडी पेट्या पाहून परतावे लागले होते, हे मागच्या पत्रात कळवलेच होते. परवा रविवारी पुन्हा गेलो. आता पेट्या उतरवल्या आहेत.

फोरफरहून ब्रेकिनला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला काही आणि चर्चच्या आवारात एक, असे हे पिक्ट (स्कॉटलंडच्या एका प्राचीन जमातीच्या) लोकांचे दगड अजून त्या गावातच आहेत. रस्त्याकडेच्या एकावर साप, आरसा आणि फणी कोरलेली आहे; या खुणांचा अर्थ आजवर कोणाला लागलेला नाही.

माझा खरा वेळ गेला तो चर्चच्या आवारात. तिथल्या दगडाच्या एका बाजूला क्रूस आहे आणि दुसऱ्या बाजूला, वरच्या खुणांखाली, लढाई. इसवी सन ६८५ मध्ये पिक्टांनी दक्षिणेकडच्या नॉर्थंब्रिया राज्याच्या एक्गफ्रिथ राजाला मारले, तीच ही लढाई असे अनेक अभ्यासक मानतात. पायदळात पुढचा ढाल-तलवार घेऊन उभा आहे आणि त्याच्या मागच्याने लांब भाला पुढे काढून धरला आहे. खाली कोपऱ्यात एक योद्धा पडला आहे आणि एक पक्षी त्याला टोचतो आहे. आपल्या वीरगळावर पडलेल्या वीराला अप्सरा वर घेऊन जातात; इथे त्याच्या वाट्याला तो पक्षीच आला, हे पाहून मन फार हलले.

हा दगड वालुकाश्माचा आहे. त्यात मुरलेले पाणी थंडीत गोठून फुगते आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटतात, म्हणून दर हिवाळ्यात त्यावर पेटी चढवली जाते. इथल्या १९७९ च्या कायद्यानुसार अशा संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय फेरफार करणे हा गुन्हा आहे. मला मात्र कायद्यापेक्षा ती पेटी मोठी वाटली, कारण ती दरवर्षी कोणीतरी आठवणीने चढवते आणि आठवणीने उतरवते.

आपल्या देवळामागच्या दोन वीरगळांवर जत्रेआधी ऑइलपेंट लावतात, तो या वर्षी लावू देऊ नये, अशी विनंती आपण पंचांना करावी. आधीचा रंग खरवडूही देऊ नये. त्याने कोरीव काम निघून जाईल. उन्हे तिरपी असताना दोन्हींचे फोटो काढून पाठवावेत, म्हणजे कोरलेले नीट दिसेल.

आईस नमस्कार.

आपला,
श्रीधर