सेनिओच्या बांधावरून

रावेन्ना, इटली

तीर्थरूप आजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या आठवड्यात आल्फोन्सिने नावाच्या लहानशा गावी एक दिवस जाऊन आले. रावेन्नाहून फेराराकडे जाणाऱ्या गाडीने तिथे थोड्या वेळात पोहोचता येते. 1944-45च्या हिवाळ्यात सेनिओ नदीवर जर्मन आणि दोस्त सैन्ये चार महिने समोरासमोर खिळून राहिली होती आणि त्यात हे गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले, म्हणूनच सेनिओच्या लढाईचे संग्रहालय इथे आहे. गणवेश, शस्त्रे, नकाशे मी पाहिले. पण उद्ध्वस्त घरांच्या छायाचित्रांपुढे अधिक वेळ उभी राहिले.

नंतर नदीवर गेले. आपल्या प्रवरेचे पात्र पाहिलेल्या माणसाला हा ओढाच वाटेल. मात्र दोन्ही काठांना मातीचे उंच, उभे बांध आहेत, आणि त्यांवर चढताना मला आपल्या शेजारच्या निमज गावचे सैनिक नामदेव जाधव यांच्या पराक्रमाचा अर्थ खऱ्या अर्थाने उमगला. त्यांची लढाई याच नदीवर, वरच्या अंगाला लुगोच्या परिसरात झाली. तिथे पात्र सुमारे 15 फूट रुंद, पाणी चार-पाच फूट खोल आणि बांध 30 ते 35 फूट उंच होते. बांधांच्या पोटात जर्मनांचे खंदक होते आणि सभोवती सुरुंग पेरलेले होते.

9 एप्रिल 1945च्या संध्याकाळी मराठा पलटणीच्या पहिल्या बटालियनमधला हा निमजचा तेवीस वर्षांचा शिपाई कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारा, म्हणून पाण्यात उतरला. कंपनी कमांडर व दोन सोबती जखमी झाले आणि मशीनगनच्या माऱ्यात बाकीची तुकडी कोसळली, तेव्हा नामदेवरावांनी एका जखमीला पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांमधून सुरक्षित जागी नेले. मग परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. आजोबा, मी रिकाम्या हातांनी तो बांध चढले, तरी मला दम लागला.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तिसऱ्यांदा जाऊन त्यांनी मशीनगनचे पहिले ठाणे टॉमीगनने गप्प केले आणि हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्बने आणखी दोन ठाणी उडवली. शेवटी तोफगोळ्यांच्या माऱ्यात बांधाच्या माथ्यावर उघडे उभे राहून, मराठ्यांची युद्धगर्जना करीत त्यांनी उरलेल्या कंपन्यांना नदी ओलांडायला बोलावले. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. आपल्या शेजारच्या गावचा माणूस इतक्या दूर, या अरुंद पाण्यासाठी असा लढला, हे आम्हा मुलांना शाळेत कोणी सांगितले नाही, याचे मला वाईट वाटते.

बांधाची छायाचित्रे बाबांच्या फोनवर पाठवली आहेत. ती मोठी करून पाहावीत आणि निमजला जाणे झाले तर तिथल्या मंडळींनाही दाखवावीत. आजीला नमस्कार.

आपली नात