डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी न्या

ती. आई-बाबांस,
सा. न.

गुरुवारी डॉक्टरांकडे नुसती फाइल नेऊ नका. कापडी पिशवीत घरातल्या सगळ्या गोळ्या, डबे, पुड्या भरा. कॅल्शियम, लसणाच्या कॅप्सूल, मेथी-जांभळाचं चूर्णसुद्धा. "औषधं कोणती चालू आहेत?" असं विचारलं की आपण चिठ्ठीतलीच नावं सांगतो. चूर्णाला आपण औषध धरतच नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

आई, थायरॉईडची गोळी तू पहाटे उपाशीपोटी घेतेस ते बरोबर. पण नाश्ता झाला की लगेच कॅल्शियम घेतेस, ते नको. कॅल्शियम आणि लोह त्या गोळीला आतड्यातच अडवतात, ती रक्तात पुरती उतरत नाही. मग टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) वाढलेला येतो आणि गोळीचा डोस उगाच वाढतो. मध्ये ४ तास हवेत. तुझं कॅल्शियम कार्बोनेट आहे, ते जेवणाबरोबर नीट शोषलं जातं, म्हणून दुपारच्या जेवणात घे. पाकिटावर कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ. लिहिलेलं असलं तरी त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ.च असतं, एका वेळी तेवढं पुरे. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. रक्त देण्याआधी त्या किती दिवस बंद ठेवायच्या, हे विचार.

व्हिटॅमिन डी ३ ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते, रोजची नव्हे, आणि तीही डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे. मनाने चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, पुढे मूत्रपिंडाला त्रास.

बाबा, रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर लसणाच्या किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. आमटीतली लसूण, हळद खुशाल खा. दाढ काढायच्या आधी दातांच्या डॉक्टरांनाही हे सगळं सांगा. रक्त पातळ करायची गोळी मात्र मनाने बंद करू नका. साखरेच्या गोळ्यांवर चूर्ण घेतलं तर साखर खाली येऊन घाम, थरथर होऊ शकते. मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीने व्हिटॅमिन बी १२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येतात म्हणता, तर ती तपासणी मागून घ्या.

प्रत्येक डबा पुढे करून विचारा: हे मला कशाला, किती दिवस, कोणत्या गोळीपासून किती अंतराने? उत्तर तिथेच डब्यावर पेनाने लिहून घ्या.

डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो आज रात्री पाठवा. बारीक अक्षर मी वाचते आणि मोठ्या अक्षरात यादी करून उद्या पाठवते.

तुमची लेक